एका यूचा बेरंग

सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या गोष्टींवरून भांडणं होत नाहीत. कंत्राट हातचं गेलं तर लोक टपरीवर जाऊन चहा पिऊन येतात. सर्व्हर झोपला तर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका पिझ्झ्यावर रात्र काढतात. पण नव्या प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगमध्ये कुणी सहज विचारावं, ‘कलरच्या स्पेलिंगमध्ये यू घालायचा ना?’ की संपलं. गेले कित्येक महिने माइक म्यूट करून बसलेली मंडळीसुद्धा कॅमेरा चालू करून सरसावून बसतात.

वाद थोडक्यात असा. ब्रिटिश माणूस ‘कलर’ लिहितो सी-ओ-एल-ओ-यू-आर, अमेरिकन त्यातला यू गाळतो. ब्रिटिश ‘सेंटर’च्या शेवटी आर-ई लिहितो, अमेरिकन ई-आर. ब्रिटिशांच्या ‘ऑर्गनायझेशन’मध्ये एस, अमेरिकनांच्या झेड. यातलं एक चूक असतं तर चुकणाऱ्याला गप्प बसवता आलं असतं. पण इथे दोघंही बरोबर आहेत आणि दोघांच्याही हातात डिक्शनरी आहे. दोन्ही पक्ष बरोबर असलेला खटला कोर्टातसुद्धा लवकर निघत नाही, तो कॉन्फरन्स रूममध्ये अर्ध्या तासात कसा निघणार?

आपल्याकडे तर हा वाद बाहेरून येतच नाही, तो प्रत्येकाच्या पोटातच असतो. शाळेत आपण रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण गिरवलं, म्हणजे इंग्रजी शिकलो ते राणीचं. पुढे नोकरी लागली ती डॉलरवाल्या क्लायंटची. शाळेत यू गाळला म्हणून अर्धा मार्क गेला आणि कंपनीत यू घातला म्हणून अर्धा दिवस गेला. वर्डची फाइल उघडावी, तर अमेरिकन सेटिंगमुळे शाळेतल्या सरांनी घोटून घेतलेल्या प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. ज्या शब्दांसाठी आपण छड्या खाल्ल्या, तेच चूक असल्याचं एक यंत्र आपल्याला सांगतं, आणि आपणही निमूटपणे राइट क्लिक करतो.

पण त्या लाल रेघेचे उपकारच म्हणायचे, निदान ती दिसते तरी. खरा छळ होतो तो रेघ न मारणाऱ्या यंत्राकडून. आमच्या ऑफिसात एक मुलगी नवीन लागली होती, पुण्याच्या सी-डॅकमधून कोर्स करून आलेली. हुशार, कामसू. तिला वेबपेजवरचं एक हेडिंग मधोमध आणायचं होतं. तिनं ‘टेक्स्ट-अलाइन’ लिहून पुढे ‘सेंटर’ लिहिलं. पान उघडलं, तर हेडिंग डावीकडेच.

“सर, हेडिंग मधे येतच नाहीये.”

“कॅश क्लिअर केली का?”

“केली.”

“दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघितलं?”

“तिकडेही डावीकडेच.”

एक सिनियर आला, त्यानं खुर्ची ओढली. दुसरा आला, त्यानं पहिल्याची खुर्ची ओढली. तिसऱ्यानं मागे उभं राहून, हे सगळं नव्यानंच लिहायला हवं, असं नेहमीचं निदान केलं. शेवटी टेस्टिंगमधल्या एका बाईंनी जाता जाता स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाल्या, “अगं, हे सेंटर आपलं आहे. त्यांचं नाही.”

पोरीनं आर-ई लिहिलं होतं. तिचं काय चुकलं? सी-डॅकच्या नावातलं पहिलं अक्षर ज्या ‘सेंटर’चं, ते सेंटर आर-ईवालंच आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेली, ‘परम’ नावाचा महासंगणक बांधणारी ती संस्था. तिच्या पाटीवरचं स्पेलिंग जर ब्राउझरला दिलं, तर ब्राउझर ते वाचत नाही, हसत नाही, रागावत नाही, नुसता पुढे जातो. ही त्याची खोड नव्हे, तसा नियमच आहे. सीएसएस या वेबपेज सजवण्याच्या भाषेत न कळलेली ओळ सोडून द्यायची, म्हणजे उद्या नवे शब्द आले तरी जुन्या ब्राउझरमध्ये पान कोसळू नये. हेतू उदात्त आहे. परिणाम असा की ‘कलर’मध्ये यू घालून लाल मागितलं तर काळं मिळतं आणि का मिळालं ते कुणी सांगत नाही. सरकारी खिडकीवरचा कारकून निदान ‘जेवणाची सुट्टी’ असं तरी म्हणतो.

हा यू मुळात गेला कुठे, याची कथा जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली लंडनमध्ये आपली डिक्शनरी छापली आणि यूवाल्या स्पेलिंगांना वजन दिलं. अमेरिका स्वतंत्र झाली, तेव्हा तिकडे नोआ वेबस्टर नावाचे एक शाळामास्तर होते. राजा घालवला, चहा समुद्रात बुडवला, मग स्पेलिंग तरी का ठेवा, असा त्यांचा सरळ हिशेब. १८०६ साली त्यांनी छोटा शब्दकोश काढला, १८२८ साली मोठा, त्यात सुमारे सत्तर हजार शब्द. त्यांनी ‘कलर’ आणि ‘ऑनर’मधला यू काढला, ‘सेंटर’चा आर आणि ई उलटे केले. लोकांनी ते उचललं. मग मास्तरांना जोर चढला. ‘टंग’ म्हणजे जीभ, तिचं स्पेलिंग टी-यू-एन-जी करा. ‘विमेन’ लिहिताना डब्ल्यू-आय-डबल एम लावा. ‘मशीन’मधला सी-एच काढून सरळ एस-एच घाला. हे मात्र जनतेला झेपलं नाही. झेपलं असतं तर आज समस्त संगणकक्षेत्र ‘मशीन लर्निंग’चं स्पेलिंग बालवाडीतल्या पोरासारखं लिहीत असतं.

म्हणून अमेरिकन लोक आळशी आणि ब्रिटिश लोक शिस्तीचे, असं समजायचं कारण नाही. जॉन्सनसाहेब ‘एम्परर’ आणि ‘गव्हर्नर’मध्येही यू घालत असत. तो यू ब्रिटिशांनी स्वतःच पुढे गुपचूप काढला आणि वर अमेरिकनांना नावं ठेवली. ‘ऑनर’मध्ये ते आजही यू लिहितात, पण माणूस ‘ऑनररी’ झाला की काढून घेतात. बिनपगारी माणसाला यूसुद्धा परवडत नसावा. ‘ह्यूमर’मध्ये आरच्या आधी यू आहे, ‘ह्यूमरस’मध्ये तो नाही. आणि यू वाटताना इतके उदार असलेले हे लोक ‘फुलफिल’ आणि ‘एनरोल’ला एलच्या बाबतीत हात आखडता घेतात. ब्रिटिश तिथे एकच एल देतात, अमेरिकन दोन. आपल्या आधारच्या पावतीवरचं ‘एनरोलमेंट’ एका एलचंच आहे, कारण ते काम आपल्या सरकारचं आणि आपलं सरकार अजून रेन-मार्टिनच्या वर्गात आहे.

झेडची कथा आणखी मजेची. ‘ऑर्गनाइज’, ‘इनिशियलाइज’ यांत एस लिहिणं म्हणजे अस्सल ब्रिटिश बाणा, अशी आपल्याकडे ठाम समजूत. त्या एससाठी प्राण पणाला लावणारे लोक मी पाहिले आहेत. आणि खुद्द ऑक्सफर्डची डिक्शनरी या शब्दांना झेड लावते. म्हणजे ज्या किल्ल्याच्या रक्षणासाठी आपण इकडे लढतो आहोत, त्याचा किल्लेदार केव्हाच पलीकडच्या पक्षात बसलेला आहे. शिवाय फोनवर या अक्षराचं नावही वेगळं. क्लायंट सांगतो, ‘विथ अ झी.’ झी म्हटल्यावर इकडच्या निम्म्या लोकांना मालिका आठवते आणि उरलेल्यांना सी ऐकू येतो.

एस आणि झेडनं खरी करामत केली ती एका बिलात. आमच्याकडच्या एका प्रोग्राममधून ग्राहक संस्थेचं नाव ‘ऑर्गनायझेशन’ या खणात भरून जात होतं, एस लावून. पलीकडचा प्रोग्राम अमेरिकेतल्या टीमचा. तो त्याच नावाच्या खणाची वाट पाहत होता, पण झेड लावून. दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी निर्दोष, दोन्हींच्या चाचण्या हिरव्या. जावास्क्रिप्टला एखाद्या वस्तूत जो खण नाहीच, तो मागितला की ती भांडत नाही, ‘अनडिफाइन्ड’ म्हणते आणि मोकळी होते. बिलं छापून गेली, ‘प्रति, अनडिफाइन्ड’. दुसऱ्या दिवशी हिशेब खात्यातून विचारणा आली, हा नवा ग्राहक कोण, आणि याच्याकडे एवढी थकबाकी कशी?

इथे या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. माणसांना ‘बरोबर काय’ हे महत्त्वाचं वाटतं. यंत्राला बरोबर-चूक कळतच नाही, त्याला फक्त सारखं आणि वेगळं एवढंच कळतं. यू घाला, काढा, दोन घाला, यंत्राची हरकत नाही, फक्त सगळीकडे तेवढेच घाला. आपण नेमकं उलटं करतो. बरोबर कोण यावर तास घालवतो आणि सारखं ठेवायचं राहून जातं.

याची सगळ्यात मोठी साक्ष वेबच्या पोटातच आहे. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात, की ब्राउझर पुढच्या सर्व्हरला सांगू शकतो की हे पाहुणे अमुक पानावरून आले. त्या निरोपाच्या मथळ्याचं नाव ‘रेफरर’. इंग्रजीत त्याच्या मधोमध दोन आर लागतात, ब्रिटनमध्येही आणि अमेरिकेतही. पण तो मथळा ठरवताना एक आर राहून गेला. चूक लक्षात आली, तेव्हा युनिक्सच्या त्या काळच्या स्पेलचेकरला तसेही दोन्ही शब्द ओळखता येत नाहीत, असं त्या मंडळींपैकीच एकानं म्हणून ठेवलं. १९९६च्या मे महिन्यात एचटीटीपीचं जे पहिलं अधिकृत टिपण निघालं, त्यात ते स्पेलिंग तसंच गेलं. तेव्हापासून जगातला प्रत्येक ब्राउझर इमानेइतबारे ते अशुद्ध लिहितो आहे. दुरुस्त करायला जावं, तर जुन्या सर्व्हरांना कळणार नाही. पुढे याच कामासाठी ‘रेफरर-पॉलिसी’ नावाचा नवा मथळा आला, तेव्हा त्यात मात्र दोन आर लिहिले. म्हणजे आज एकाच ब्राउझरच्या एकाच संभाषणात जाताना एक आर असतो आणि येताना दोन. आणि वेब चाललं आहे, अगदी व्यवस्थित. चूक सगळ्यांनी मिळून एकसारखी केली की तिला स्टँडर्ड म्हणतात.

युनिक्सवाल्यांचंही तेच. फाइल तयार करण्याच्या आज्ञेचं नाव त्यांनी ‘क्रिएट’ ठेवलं आणि शेवटचा ई खाल्ला. युनिक्स पुन्हा नव्यानं लिहायचं झालं तर काय बदलाल, असं केन थॉम्पसन यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तो ई घालीन. आयुष्यभराच्या कामात खंत वाटावी असं एकच अक्षर सापडणं, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

आता प्रोजेक्टवाले लोक यातून वाट कशी काढतात, ते पाहू. मुख्यतः तीन पंथ आहेत.

पहिला पंथ म्हणतो, दोन्ही चालेल. हा भल्या माणसांचा पंथ. ‘आर’ ही संख्याशास्त्राची भाषा न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये जन्मली. तिच्यात आलेख काढण्याचं ‘जीजीप्लॉट’ हे साधन रचणारे हॅडली विकहॅम हेही न्यूझीलंडचेच. म्हणून तिथे रंग सांगताना यूसकट सांगा किंवा यूविना, दोन्ही चालतं. बेरीज-सरासरी काढायला ‘समराइज’ म्हणा, एस लावून किंवा झेड लावून. दारात असा समभाव, आत मात्र यूवाल्यांचंच राज्य, कारण यूविना दिलेला रंगही आत गेल्यावर मुकाट्यानं यू लावून नोंदला जातो. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जन्मलेली एर्लँग भाषाही ‘बिहेवियर’ हा शब्द दोन्ही प्रकारे घेते. तिच्या पायावर उभी राहिलेली एलिक्झर मात्र यूच मागते, आणि ती सुरू करणारा माणूस ब्राझीलचा.

हा भलेपणा फुकट पडत नाही. सीएसएसमध्ये राखाडी रंगाची नावं ए लावूनही चालतात आणि ई लावूनही. झालं काय, की नवा मुलगा विचारतो, ‘सर, ए वाला ग्रे जास्त गडद का ई वाला?’ दोन्ही एकच आहेत, असं सांगितलं की तो संशयानं बघतो. त्याचा संशय अगदीच निराधार नाही, कारण त्याच यादीत ‘डार्क ग्रे’ नावाचा रंग नुसत्या ‘ग्रे’पेक्षा फिका आहे. एक नाव एका जुन्या यादीतून आलं, दुसरं दुसरीतून, आणि दोघांची गाठ पडली तेव्हा कोण कुणापेक्षा गडद, हे विचारायला कुणी थांबलं नाही. शिवाय दोन्ही चालतं म्हटलं की एकाच फाइलीत दोन्ही येतात, आणि शोधायला गेलं की अर्धीच सापडतात.

दुसरा पंथ म्हणतो, एकच ठेवा. गिट हे कोड सांभाळण्याचं साधन आज जवळपास प्रत्येक ऑफिसात आहे. ते फिनलंडमध्ये जन्मलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलं आणि त्याच वर्षापासून ते मूळचे जपानचे जुनिओ हमानो सांभाळतात. म्हणजे राणीशी किंवा वेबस्टर मास्तरांशी दोघांचंही नातं नाही. त्यांच्या लेखननियमांत प्रांजळपणे लिहिलं आहे की आमच्या कागदपत्रांत ब्रिटिश आणि अमेरिकन यांची सरमिसळ झाली आहे, हे बरं नाही, निवडायचंच झालं तर आम्ही अमेरिकन निवडू. पण लगेच पुढची सूचना आहे, की म्हणून उठून सगळ्या फाइलींतली स्पेलिंगं बदलणारा भलामोठा बदल पाठवू नका. दुसरं काही खरं काम करायला त्या भागात गेलात, तर जाता जाता दुरुस्त करा. इतका व्यवहारी सल्ला मी शुद्धलेखनाच्या बाबतीत दुसरीकडे वाचलेला नाही. खरं काम आधी, स्पेलिंग जाता जाता.

अर्थात एकच ठेवायचं म्हटलं तरी अमेरिकन म्हणजे नक्की काय, हे अमेरिकन कंपन्यांनाही ठरवता आलेलं नाही. ‘कॅन्सल’चं भूतकाळी रूप घ्या. अमेरिकन रीत एका एलची. तरी जावामध्ये काम रद्द झालं का हे विचारणारी आज्ञा दोन एलची. पायथनमधली त्यासंबंधीची एररही दोन एलची. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधली एक्सेप्शन एका एलची, पण ‘कॅन्सलेशन’ म्हटलं की तिथे दोन, कारण त्या शब्दाला अमेरिकेतही दोनच लागतात. गूगलच्या जीआरपीसीत हा निकाल दोन एलचा आणि त्याच जीआरपीसीच्या गो भाषेतल्या आवृत्तीत एका एलचा. एखादं काम रद्द करायचं असेल, तर आधी कुठल्या गावात उभे आहोत ते बघून एल मोजावे लागतात. त्यापेक्षा काम पूर्ण केलेलं सोपं.

बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळाच पेच. आपला ‘चेक’ क्यू-यू-ईवाला, १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यापासून तसाच. अमेरिकनांचा चेक सी-केवाला, म्हणजे तपासणे आणि धनादेश या दोन्हींना शब्द एकच. धनादेश तपासणाऱ्या फंक्शनला तिकडच्या माणसानं नाव दिलं ‘चेकचेक’. वाचणाऱ्याला वाटलं, की बोट अडखळून शब्द दोनदा उमटला. त्यानं एक चेक पुसला. इथे मात्र मी ब्रिटिशांच्या बाजूचा आहे. पैशाच्या व्यवहारात अक्षरं वाचवू नयेत.

तिसरा पंथ सर्वांत शहाणा, पण त्याला अनुयायी मिळाले नाहीत. १९८१च्या अखेरीस बीबीसी मायक्रो हा घरगुती संगणक बाजारात आला. नावातच बीबीसी, तेव्हा त्याच्या बेसिक भाषेतली रंगाची आज्ञा यूसकट असणं ओघानंच आलं. पुढच्याच वर्षी केंब्रिजमधल्या सिंक्लेअर कंपनीनं झेडएक्स स्पेक्ट्रम काढला. त्यांनी रंगाच्या आज्ञेला रंग म्हटलंच नाही. अक्षराच्या रंगाला ‘इंक’ आणि मागच्या रंगाला ‘पेपर’. शाई आणि कागद! अटलांटिकच्या दोन्ही काठांवर स्पेलिंग एकच. सुंठीवाचून खोकला गेला. तीन अक्षरांत सुटणारा प्रश्न आपण गेली चाळीस वर्षं पाच की सहा, असं म्हणत चिघळवतो आहोत.

अशा वादांना संगणकवाल्यांच्या जगात ‘बाइकशेड’ म्हणतात. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५०च्या दशकात एका समितीचं वर्णन केलं होतं. अणुभट्टीचा प्रस्ताव कुणालाच कळत नाही, म्हणून चुटकीसरशी मंजूर होतो. सायकलींच्या शेडबद्दल मात्र प्रत्येकाला मत असतं, म्हणून तिच्यावर खल चालतो. १९९९ साली डेन्मार्कचे प्रोग्रामर पॉल-हेनिंग काम्प यांनी आपल्या सहकाऱ्यांना याच गोष्टीची आठवण करून देत विचारलं, की शेडला रंग कोणता द्यायचा, याच्याशी मला काय कर्तव्य? आपण त्यांच्याही एक पायरी पुढे गेलो आहोत. शेड कधीच बांधून झाली, रंगही लावून वाळला. आता रंगाचं स्पेलिंग चाललं आहे.

त्या खलाचा मासला पाहायचा असेल तर एखादा कोड रिव्ह्यू उघडावा. मूळ बदल चार ओळींचा. त्याखाली पहिली टिप्पणी, ‘इनिशियलाइजला झेड हवा.’ दुसरी, ‘बाकी फाइलीत एस आहे.’ तिसरी, ‘बाकीची फाइल चूक आहे.’ चौथी लंडनहून, नुसताच भुवई उंचावलेला चेहरा. पाचवी, ‘आपण यावर एक कॉल घेऊ या का?’ कॉल होतो, मिनिट्स लिहिली जातात, झेड जिंकतो, बदल मंजूर होतो. चार ओळींपैकी तिसरीत वजाऐवजी अधिक चिन्ह पडलेलं असतं, ते प्रॉडक्शनवर सापडतं. ते स्पेलिंगमध्ये बसत नसल्यामुळे कुणी पाहिलेलं नसतं.

हे सगळं वाचून मराठी माणसानं इंग्रजांना हसू नये. आपलं ठेवावं झाकून, अशी आपली गत आहे. शासनानं १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चार घातले. शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, हे त्यात स्वच्छ सांगितलेलं आहे. तरी मराठी ॲपांत कुठल्या बटनावर ‘सुरू करा’ असतं आणि कुठल्या बटनावर ‘सुरु करा’. माणूस दोन्ही दाबतो. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन परके शब्द, एक शोधला की दुसरा सापडायचा नाही. आणि आपण तर इंग्रजांच्याही वर ताण केली आहे. त्यांची दोन स्पेलिंगं निदान डोळ्यांना वेगळी दिसतात. आपण ‘ॲप’ हाच शब्द दोन तऱ्हांनी लिहितो. साधा अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवला, तर यंत्र दोन चिन्हं मोजतं. युनिकोडमधलं तयार अक्षर घेतलं, तर एकच. छापल्यावर दोन्ही ‘ॲप’ जुळ्या भावांसारखे. ऱ्हस्व-दीर्घावर हयात घालवलेल्या मास्तरांनी भिंग लावून पाहिलं तरी फरक सापडणार नाही, आणि शोधयंत्र सांगणार, असा शब्द या यादीत नाही. म्हणजे शुद्ध लिहूनही अशुद्ध ठरण्याची सोय फक्त आपल्याकडे आहे.

मग करायचं काय? उत्तर तसं रेग्युलर एक्सप्रेशनच्या पहिल्या धड्यातच असतं. शोधण्याच्या या सांकेतिक भाषेत एखाद्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह दिलं, की त्याचा अर्थ होतो, हे अक्षर असलं तर असू दे, नसलं तर नसू दे. आणि हे शिकवायला हटकून जो नमुना घेतात, तो म्हणजे ‘कलर’, त्यातल्या यूपुढे प्रश्नचिन्ह ठेवून. दोनशे वर्षांच्या भांडणाचा निवाडा एका चिन्हात. शोधताना दोन्ही मान्य करा, लिहिताना एकच लिहा.

तेव्हा माझा निकाल असा. कोडमध्ये अमेरिकन लिहा. ते अधिक शुद्ध आहे म्हणून नव्हे, तर ज्या ब्राउझरशी आणि ज्या लायब्रऱ्यांशी दिवसभर बोलायचं आहे, त्यांतल्या बहुतेकांना यू ऐकू येत नाही म्हणून. स्क्रीनवर जे उमटतं, ते वाचणाऱ्याच्या देशाचं लिहा, मुंबईच्या बँकेला क्यू-यू-ईवाला चेक आणि शिकागोच्या बँकेला सी-केवाला. एकदा बाहेर पडलेल्या खणाचं नाव चुकलं असलं तरी बदलू नका, ‘रेफरर’कडे बघून मन आवरा. कॉमेंटमध्ये हवं ते लिहा, तिथे रेन-मार्टिनला मनसोक्त नांदू द्या, कारण कॉमेंट यंत्र वाचत नाही, आणि खरं सांगायचं तर माणसंही वाचत नाहीत. हे सगळं प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी रीडमीमध्ये एका ओळीत लिहून ठेवा. आणि त्या ओळीच्या स्पेलिंगवरून कुणी वाद काढलाच, तर वाद घालू नका, त्याला पुढच्या रिलीजचा ऑन-कॉल द्या.